प्रीकास्ट म्हणजे प्रीस्ट्रेस नाही राजेहो

मागच्या दिवाळीआधी काकानं वावरातल्या नाल्यावर चार सिमेंटच्या फळ्या टाकल्या, त्या रेडीमेड कंपाउंडच्या असतात ना त्या, कोणाच्या तरी प्लॉटवर उरलेल्या, अन् विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं की प्रीस्ट्रेस माल आहे, काही होत नाही. बंडी गेली, दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला सोयाबीनची भरलेली ट्रॉली गेली तं मागचं चाक फळीसकट नाल्यात! आणि गंमत म्हणजे खालच्या अंगाला, दोन धुरे सोडून, लाईनचे जुने पोल आडवे टाकून लोक किती वर्षांपासून बंड्या काढून रायले, ते जसेच्या तसे. दोन्ही सिमेंटचे, दोन्ही बाहेरून तयार होऊन आलेले. मग एक टिकते अन् एक मोडते कसं?

आपल्याकडे दोन्हीला "रेडीमेड" म्हणतात, तिथंच घोळ आहे.

प्रीकास्ट म्हणजे फक्त एवढंच की माल जागेवर ओतला नाही, दुसरीकडे साच्यात ओतला, वाळवला, पाणी मारलं अन् मग आणून बसवला. विहिरीच्या रिंगा, पांदणीखालचा सिमेंटचा पाईप, कंपाउंडची फळी, सगळं प्रीकास्ट. तो पाईप साचा गरगर फिरवून बनवायची आयडिया वॉल्टर ह्यूम नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसानं 1910 मध्ये काढली, म्हणून त्याला ह्यूम पाईप म्हणतात. आणि इंग्लंडात लिव्हरपूलला तर 1905 मध्येच जॉन ब्रॉडी नावाच्या इंजिनियरनं भिंतीच्या भिंती आधी ओतून बिल्डिंग उभी केली होती. म्हणजे प्रीकास्ट हा "कुठं अन् कधी ओतलं" याचा विषय. आत ताकद किती, ते त्या शब्दात येतच नाही.

प्रीस्ट्रेसचा प्रश्न वेगळा आहे, वजन यायच्या आधीच माल आतून दाबून ठेवलाय का?

हे समजायला आपलं बंडीचं चाक घ्या. लोहार लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहान बनवतो, गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करतो, फुगली की सांडशीनं धरून चाकावर चढवतो अन् लगेच पाणी ओततो, चर्रर्र आवाज येतो, धाव आकसते अन् आतल्या लाकडाला असं आवळते की सगळे सांधे कुरकुरतात. खिळा नाही का काही नाही, नुसत्या आवळण्यानं चाक एकजीव होते. नाहीतर पाच विटा एका रांगेत धरा अन् दोन्ही तळव्यांनी बाजूनं दाबून उचला, अधांतरी राहतात. दाब सोडला की पायावर.

काँक्रीटला दाबलेलं चालते, ओढलेलं चालत नाही, ओढ सहन करायची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. फळीवर वजन आलं की तिचा तळ ताणला जातो अन् तिथूनच तडा सुरू होतो. साध्या आरसीसीत सळई तो ताण घेते, पण ती खरी कामाला लागते ती काँक्रीटला बारीक तडे गेल्यावर. लाईनचा पोल प्रीस्ट्रेस असते, त्यात असं नसते. लांबच्या लांब बेडवर, म्हणजे पोल ओतायच्या ओट्यावर, दोन्ही टोकांना कडक तारा आधी जॅकनं ताणून धरतात, त्यांच्यावर काँक्रीट ओततात, ते पक्कं झालं की टोकाला तारा कापतात. आता तारेला आकसायचं असते पण काँक्रीटनं तिला घट्ट धरलंय, म्हणून ती काँक्रीटलाच दाबत बसते, जन्मभर. वजनाला आधी तो दाब खतम करावा लागते, मग कुठं ताण सुरू होतो. वादळात पोल झुकला, बारीक तडा दिसला अन् वारा थांबल्यावर तो तडा परत मिटला, तर ती त्या तारांचीच करामत.

तुम्ही म्हणाल मग साधी सळईच ताणून टाकायची. तेच तर पहिले फसलं. काँक्रीट वाळताना आकसते, दाबाखाली हळूहळू अजून दबते, अन् साध्या लोखंडाला दिलेला जेवढा ताण तेवढा त्यातच गायब. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिनेनं हे ओळखलं, एकदम कडक तार भरपूर ताणली तरच थोडा ताण जाऊनही पुरेसा उरतो, त्याचं पेटंट 1928 चं.

काकाच्या फळीत काय होतं? दोन इंच जाडी अन् बारीक सळई बरोब्बर मधोमध. उभी लावून वारा अडवायला ठीक आहे, पण आडवी टाकली की ताण तळाला अन् सळई मधात, म्हणजे भांडण ओसरीत अन् पोलीस माजघरात.

माझा मावसभाऊ चंद्रपूरकडच्या अंडरग्राउंड कोळसा खाणीत आहे, तो ऐकून म्हणे आमच्या छताच्या बोल्टातही हेच दोन प्रकार. खाणीचं छत थराथराचं असते, भोक पाडून बोल्ट टाकला की थर एकमेकांना बांधले जातात अन् जाड पाटीसारखे वागतात. एका बोल्टच्या टोकाला पाचर असते, ती आत फाकते अन् खालून नट आवळला की दगड दाबला जातो, म्हणजे हा प्रीस्ट्रेसचा भाऊ. दुसऱ्यात सिमेंटची कॅप्सूल भिजवून भोकात सारतात अन् मागून सळई, ती तशी निवांत असते, छत जरा हललं की मग ताण घेते, म्हणजे हा आरसीसीचा भाऊ. जेम्स स्कॉट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1970 च्या दशकात तिसरीच तऱ्हा काढली, लांबीभर चीर असलेली नळी, भोकापेक्षा जाड, ठोकून आत घालायची, ती फाकायला पाहते अन् घासून धरून ठेवते. मला तं ही सगळ्यात आवडली, ना नट ना सिमेंट.

काका मधातच, "मंग तो बोल्ट प्रीकास्ट हाय का प्रीस्ट्रेस?" प्रीकास्ट नाहीच, तिथं ओतायचं काय? पण ताणलेला असू शकतो. आणि उलटंही होते, नागपूर मेट्रोच्या पुलाचे तुकडे यार्डात ओतून आणले, वर रांगेत लावले अन् मग आतून केबल ओढून आवळले, म्हणजे दोन्ही एकाच वेळी. रेल्वेचा सिमेंट स्लीपरही दोन्ही.

ओळखायचं कसं? टोक पाहा. प्रीस्ट्रेस पोलच्या टोकाला कापलेल्या तारांचे काडीएवढे गंजके ठिपके ओळीत दिसतात, साध्या फळीत ते नसतात. अन् पोल नाल्यावर टाकायचाच असेल तर अरुंद बाजूवर उभा ठेवा, त्याची जास्त ताकद त्या अंगानं असते, पण लवंडू नये म्हणून चार-पाच चिपकवून दगडांनी पक्के करा, अन् ट्रॅक्टर तरीही नेऊ नका, पोल पुलासाठी बनलेला नाही. त्यात ड्रिल मारणं किंवा भंगारासाठी तारा कापणं तं अजिबात नको, त्या तारांवरच सगळा खेळ आहे.

काकानं नाल्यावर आता पाईप टाकला, वर मुरूम. पण सवय लागली ती लागलीच, परवा लग्नाला गेलो तं मंडपाबाहेर पडलेल्या पोलजवळ नव्या धोतरात उकिडवे बसून टोकाचे ठिपके मोजत होते, अन् पंगत उठली तरी आले नाहीत.