अकोटा म्हणजे जुनं बडोदं नव्हे: विश्वामित्रीच्या दोन काठांवरची दोन गावं

बडोद्यात आपल्या लोकांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं की बडोद्याचं मूळ नाव अंकोट्टक, म्हणजेच आजचा अकोटा, आणि मग पुढे त्याचं वटपद्रक झालं आणि त्याचं बडोदं झालं. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये पण हेच लिहिलेलं असतं. पण ही एकाच गावाची दोन नावं नाहीयेत हो, शेजारची दोन वेगळी गावं होती, मध्ये विश्वामित्री नदी. अंकोट्टक पश्चिम काठावर, आणि वटपद्रक पूर्वेला, आपण आज कोठी म्हणतो त्या भागाच्या आसपास. आता अकोटा-दांडियाबाजार ब्रिजवरून स्कूटरने दोन मिनिटांत पलीकडे जातो म्हणून ते लक्षातच येत नाही.

याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे एक ताम्रपट. शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२ चा. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतला राजा कर्क सुवर्णवर्ष, त्याने वलभीहून आलेल्या भानु नावाच्या ब्राह्मणाला एक गाव दान दिलं, ते गाव वटपद्रक. आणि दान देताना गाव कुठलं ते नीट सांगावं लागतं ना, म्हणून लिहिलंय की हे गाव अंकोट्टक चौऱ्यांशीतलं, म्हणजे ज्या चौऱ्यांशी गावांचं मुख्य ठाणं अंकोट्टक होतं त्यातलं एक, आणि त्याची पश्चिमेची हद्द अंकोट्टक. जे गाव दुसऱ्याची हद्द आहे ते तेच गाव कसं असेल? शिवाय मोठं कोण होतं तेही इथेच कळतं. तेव्हा अकोटा हे ठाणं होतं आणि बडोदं त्याच्या हाताखालचं एक खेडं, एका माणसाला दान देता येईल एवढं.

अकोट्याची श्रीमंती बघायची असेल तर कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जा, खरंच जा. १९५१ मध्ये अकोट्याला ब्राँझच्या जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला, ६८ मूर्ती, साधारण पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास केला म्हणून आज आपल्याला त्यातलं एवढं वाचता येतं. राजकुमाराच्या वेषातला जीवंतस्वामी आहे, मुकुट आणि दागिने घातलेला, दीक्षेच्या आधीचा महावीर. आणि चवरी घेतलेली चामरधारिणी, तिच्यासमोर मी कितीही वेळ उभा राहू शकतो. काही मूर्तींवर लेख आहेत, त्यात जिनभद्र वाचनाचार्य हे नाव येतं, आणि शाहांच्या मते हेच ते प्रसिद्ध जैन आचार्य जिनभद्रगणी क्षमाश्रमण. त्याच्याही आधीच्या काळातली रोमन सुरईची ब्राँझची मूठ अकोट्याला मिळालीये, तिच्यावर इरॉस आहे, त्यांचा मदन म्हणा. माळव्यातून भरूच बंदराकडे जाणारा माल या बाजूने जायचा, त्यामुळे रोमची वस्तू इथे पोचली यात नवल नाही.

मग हे ठाणं मागे पडलं आणि खेडं पुढे गेलं ते का, तर अभ्यासक जे कारण देतात ते आपल्याला कोणी वेगळं समजवायला नको. पूर. विश्वामित्रीच्या पुराला कंटाळून वस्ती हळूहळू पूर्वेच्या उंच जमिनीकडे सरकली. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आणि परत ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी आलं, मगरी आल्या, त्यांना हे लगेच पटेल.

वटपद्रक बाराव्या शतकापर्यंत नाव घेण्यासारखं झालं होतं. जैन प्रबंधांत, म्हणजे जुन्या जैन चरित्रकथांच्या ग्रंथांत, कथा आहे की सोळंकी राजा कुमारपाल राज्य मिळायच्या आधी लपतछपत फिरत होता तेव्हा इथल्या कटुक नावाच्या वाण्याने त्याला चणे खायला दिले, आणि पुढे राजा झाल्यावर त्याने ते गावच कटुकाला दिलं. कथा आहे, पण त्या काळी अशा कथेत हे गाव यावं हेच मला महत्त्वाचं वाटतं.

आणि आणखी एक गोंधळ इथेच सोडवून टाकू. जुन्या शहराच्या मध्यावर असलेल्या मांडवीभोवतीचं चार दरवाजांचं शहर, म्हणजे लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, ते वटपद्रक पण नव्हे. ती तटबंदीची वस्ती सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची, गुजरातच्या सुलतानांच्या वेळची, आणि मूळ गावापेक्षा अजून पूर्वेला. गायकवाड आले ते या तयार शहरात, अठराव्या शतकात. आपले रावपुरा, दांडिया बाजार हे तर त्याच्याही नंतर तटाबाहेर वाढलेले भाग, म्हणजे गंमत अशी की मराठी माणसं परत जुन्या वटपद्रकाच्याच बाजूला येऊन राहिली.

आता अकोट्यात एकेक बंगला पाडून टॉवर उभे राहतायत, दोन-दोन मजले खाली बेसमेंट खोदतायत. त्या मातीत खापरं, विटा, धातूचा तुकडा असं काही दिसलं तर कृपा करून ट्रकमध्ये भरून पाठवू नका, आपल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व विभाग आहे, आधी त्यांना कळवा.