टेलिफोन डिरेक्टरीतली नावं

६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपयांवर गेला. त्यानंतर तेरा दिवसांनी, १९ जूनला, मुंबईत शिवसेना स्थापन झाली. पहिल्या घटनेतून दुसरी जन्मली असं म्हणणं फारच सोपं होईल, पण हवा एकच होती. १९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षं पावसाने दगा दिला होता आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू येत होता. चौथी पंचवार्षिक योजनाच पुढे ढकलली गेली. पुढची तीन वर्षं वार्षिक योजनांवर भागवलं. कारखान्यांतली नवी भरती मंदावली. मुंबईत मॅट्रिक होऊन बसलेल्या पोरांना अर्थशास्त्र कळायची गरज नव्हती. अर्ज टाकले तरी बोलावणं येत नाही, एवढं त्यांना पुरेसं कळत होतं.

अशा नाराजीवर उभ्या राहणाऱ्या राजकारणाला आपण ‘लोकानुनय’ म्हणतो. शब्द थोडा अपुरा आहे. त्यात लोकांची मर्जी सांभाळणं येतं, फुकट वाटप येतं. पण ‘खरे लोक आम्ही, आमच्या ताटातलं कुणीतरी पळवलंय’ ही जळजळ त्यात नीट येत नाही. साठच्या दशकातल्या मुंबईत त्या जळजळीला ‘भूमिपुत्र’ हा अधिक नेमका शब्द मिळाला.

आधीचं दशक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे ही मंडळी एका व्यासपीठावर होती. मुंबई मिळवायची ती भांडवलदारांच्या हातून, अशी त्या लढ्याची मांडणी होती. १ मे १९६० ला, कामगार दिनीच, राज्य आलं. राजधानी आपली, मंत्रालय आपलं (तेव्हा त्याला सचिवालय म्हणत), मग साहेबाच्या केबिनबाहेरची खुर्चीही आपली, असा हिशेब घराघरात झाला. प्रत्यक्षात १९६१ च्या जनगणनेत साडेएक्केचाळीस लाखांच्या मुंबईत मराठी मातृभाषा असलेले साधारण ४३ टक्के होते. शहरात सगळ्यांत मोठा गट, तरी निम्म्याहून कमी.

नोकरीच्या बाजाराचे दोन मजले होते. खालच्या मजल्यावर गिरण्या. तिथे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस पिढ्यान् पिढ्या येत होता. भरती जॉबरमार्फत (कामगार नेमणारा मुकादम), म्हणजे गाववाल्याच्या ओळखीने. गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत जेवायचं आणि भोंग्याच्या आधी बदली पास घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या यंत्रावर काम मिळायचं, नाहीतर परत खोलीवर. असं वर्षानुवर्षं चालायचं. पण या मजल्यावर मराठी माणसाला बाहेरचा कुणी अडवत नव्हता. त्याचा झगडा मालकाशी होता आणि त्यासाठी कम्युनिस्ट युनियनचा लाल बावटा होता.

खरी घुसमट वरच्या मजल्यावर, ऑफिसांत झाली. गिरणी कामगाराचा मुलगा एसएससी झाला की त्याला गिरणीत जायचं नसे. बापालाही त्याने जाऊ नये असंच वाटे. मुलगा टायपिंगच्या क्लासला जाई, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा देई. अडे ते इंग्रजीपाशी. मुंबई राज्याने स्वातंत्र्यानंतर पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून टाकलं होतं. विषय आठवीत सुरू व्हायचा. धोरणामागचा हेतू चांगला असेलही, पण साठच्या दशकात बाजारात उतरलेल्या मराठी माध्यमाच्या पोरांच्या हाती जेमतेम चार वर्षांचं इंग्रजी होतं. मद्रास, केरळकडून आलेला उमेदवार इंग्रजी शॉर्टहँडमध्ये तयार होऊन यायचा. एक चिकटला की तो पुढची जागा निघाल्याचं आपल्या भावाला, मेहुण्याला कळवायचा. गिरणीत आपला जॉबर जे करी तेच हे, पण ते आपल्याला खुपत नव्हतं, हे खुपलं.

कायदा होता, पण त्याला दात नव्हते. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, म्हणजे बेकारांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायची सक्ती केली. तिथून आलेलाच माणूस घ्या, ही सक्ती मात्र नव्हती. म्हणजे जागा कळवायची आणि भरायची आपल्याला हवी तशी. पोरांनी तिथलं नोंदणीचं कार्ड काढायचं, मुदत संपली की नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहायचं.

अशा वेळी बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ने एक साधी युक्ती केली. १९६० साली सुरू झालेलं हे व्यंगचित्र साप्ताहिक. त्यात कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांची नावं छापून येऊ लागली. टेलिफोन डिरेक्टरी उघडायची, कंपनी शोधायची, नावं उतरवायची. त्यावर मथळा: ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे तो बदलून ‘वाचा आणि उठा’ असा झाला. ना लेख, ना युक्तिवाद, नुसती परकी आडनावं एकाखाली एक. बेकारीची आकडेवारी वाचून कुणी पेटत नाही. आडनावांची यादी वाचून पेटतो. बसमधून, लोकलमधून तो अंक हातोहात फिरत होता आणि वाचणारा त्या यादीत आपलं आडनाव शोधत होता.

यादीने एक गोष्ट मात्र झाकली. दक्षिण भारतीयांचं प्रमाण तेव्हा मुंबईच्या लोकसंख्येत दहा टक्क्यांच्या आत होतं. त्या कंपन्या त्यांच्या मालकीच्या नव्हत्या, किती जागा काढायच्या हेही ते ठरवत नव्हते. ते दिसत होते, कारण ते पुढच्या टेबलावर बसले होते. सहा-सात वर्षांपूर्वी मालकाकडे रोखलेलं बोट आता शेजारच्या टायपिस्टकडे वळलं. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा आली, उडप्यांच्या हॉटेलांच्या काचा फुटल्या. तक्रार खरी होती, असं माझं मत आहे. तिच्यावर टाकलेला पत्ता चुकीचा होता.

तो पत्ता काहींच्या, म्हणजे ज्यांना कम्युनिस्ट नको होते त्यांच्या, सोयीचाही होता. काँग्रेसचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात सेनेला चेष्टेने ‘वसंतसेना’ म्हणत. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर शिवसैनिकांनी हल्ला केला. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत सेनेचे ४२ नगरसेवक आले आणि त्याच वर्षी भारतीय कामगार सेना निघाली. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. लाल बावट्याच्या ऐन वस्तीत.

पण नुसत्या दांडगाईवर कुठलाच पक्ष इतका टिकत नाही. सत्तरच्या दशकात सेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, आयुर्विमा, एअर इंडिया, मोठी हॉटेलं धरली. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढत होत्या, कारकुनांच्या जागा निघत होत्या. समितीची माणसं पर्सोनेल मॅनेजरसमोर आकडे मांडून बसत: एकूण किती, त्यात मराठी किती. शाखेत अर्ज भरून मिळे, मुलाखतीची तयारी करून घेतली जाई. राज्य सरकारनेही उद्योगांनी पर्यवेक्षकांत ५० टक्के आणि इतरांत ८० टक्के स्थानिक घ्यावेत असे आदेश काढले. स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षं राहिलेला. एका पिढीतली बरीच घरं त्यातून कायम नोकरीला लागली. ती घरं ते विसरली नाहीत.

खालचा मजला मात्र कोसळला. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, होती. सामंतांशी बोलायला सरकार तयार नव्हतं. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. कुणी गावी गेला, कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी भिवंडीच्या पॉवरलूमवर निम्म्या पगारात लागला. १९८५ मध्ये महापालिका सेनेकडे आली.

पुढे यादीतली आडनावं बदलली. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत, ही त्यामागची तक्रार. दोन वर्षांत ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना परीक्षा स्थानिक भाषांतही घेण्याचा निर्णय झाला. मार खाणारी पोरं रात्रभर जनरल डब्यातून उभी येऊन सेंटरवर पोचलेली होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रं.