न पाहिलेल्या माणसांची स्मरणचित्रं

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. समोर काही ठेवलेलं नसायचं. बाजार, जत्रा, बसथांबा डोळ्यांपुढे आणून माणसं काढायची. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात 2024 च्या फेब्रुवारी ते मे या काळात एक यंत्र भर दालनात असाच पेपर सोडवत होतं. कागदावर पेन फिरवणारा प्लॉटर, आणि त्याला हुकूम सोडणारा ‘ॲरन’ नावाचा प्रोग्राम. ॲरनने मात्र एकही माणूस कधी पाहिलेला नाही. छायाचित्रातसुद्धा नाही.

ॲरनचे कर्ते हॅरॉल्ड कोहेन हे मूळचे लंडनचे चित्रकार. 1966 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे त्यांची चित्रं लागली होती. 1968 साली ते कॅलिफोर्नियात शिकवायला गेले आणि तिथे स्वतःच प्रोग्रामिंग शिकले. 2016 मध्ये निधन होईपर्यंत ॲरन सुटला नाही. त्यांना छळणारा प्रश्न चित्रकाराचाच होता: कागदावरच्या खुणांचं चित्र व्हायला कमीत कमी काय लागतं? सुरुवातीच्या ॲरनला ठाऊक होतं ते अगदी थोडं. आकृती बंद आहे की उघडी, आत काय नि बाहेर काय. तेवढ्यावरही बघणाऱ्यांना त्यात प्राणी दिसायचे!

मला सगळ्यात आवडते ती त्याची रेघ. आधी अचूक वक्र आखून मग तो गिरवायचा, असं ॲरन करत नाही. थोडं पुढे सरकतो, आपण कुठे आलो आणि पोचायचंय कुठे याचा हिशेब करतो, दिशा सावरतो. म्हणून ती रेघ किंचित डुलते. आपला हात तरी दुसरं काय करतो?

पुढे कोहेननी त्याला शरीराचे भाग सांगितले, सांधे किती वळतात ते सांगितलं, फांदीला फांदी कशी फुटते ते सांगितलं. शाई पुसता येत नाही, त्यामुळे पुढचा माणूस आधी काढायचा आणि मागच्या झाडाची रेघ त्याच्यापाशी आली की थांबवायची. नियम तेच, पण निवडीत यदृच्छ, म्हणजे फाशाच्या दानासारख्या कशाही पडणाऱ्या, संख्यांचा हात असल्याने दोन चित्रं सारखी होत नाहीत.

त्याच शहरातल्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात नोव्हेंबर 2022 पासून जवळजवळ वर्षभर रेफिक अनादोल यांची ‘अनसुपरवाइज्ड’ ही कलाकृती लागली होती. तिथला मामला उलटा. नियम कुणी लिहिलेच नाहीत. मोमाच्या संग्रहातल्या 1,38,000 हून जास्त नोंदी प्रोग्रामला दाखवल्या आणि त्यातली साम्यं त्यानेच हुडकली. अशा प्रोग्रामच्या लेखी प्रत्येक चित्र म्हणजे शेकडो आकड्यांचा एक पत्ता. एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे हळूहळू जाताना वाटेत जे लागेल, ते 24 फूट उंच पडद्यावर वितळत, उसळत राहतं. दिपवणारं आहे खरं, पण एखादा आकार तिथे का आला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. ॲरनच्या बाबतीत प्रोग्राम उघडून ती ओळ दाखवता येते.

शिवाय मोमाच्या पडद्यावरचं चित्र पुरं होतच नाही. कोहेनना मात्र ॲरनसाठी थांबण्याचा नियमही लिहावा लागला. तो लागू झाला की पेन कागदावरून उचललं जातं.