झॉम्बी-आपत्ती

मेलेली माणसे उठून चालू लागतात, जिवंतांना चावतात, चावलेलेही तसेच होतात आणि बघता बघता शहराची घडी विस्कटते, या कल्पनेला झॉम्बी-आपत्ती म्हणतात. यातला पहिला भाग, म्हणजे मेलेल्याने उठणे, शरीरशास्त्राच्या दृष्टीने साफ अशक्य आहे. उरलेला भाग मात्र तसा नाही. चाव्यातून मेंदूपर्यंत पोचणारा रोग, दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेणारा जीव, साथीने भेदरलेले शहर, कोरडे पडलेले नळ हे सगळे कुठे ना कुठे घडलेले आहे, आणि त्यातले बरेचसे पुण्याने स्वतः पाहिले आहे. त्यामुळे या विषयाकडे निव्वळ पोरखेळ म्हणून पाहणे बरोबर नाही.

उगम

झॉम्बी मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचा. तिथल्या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. मेल्यावर तरी सुटका होईल ही त्यांची आशा, आणि मांत्रिक मेल्यावरही उठवून राबवील ही भीती. हैतीचा झॉम्बी कोणाला चावत नाही, कोणाचे मांस खात नाही. तो स्वतःच पीडित आहे. नरभक्षक झॉम्बी ही १९६८ सालच्या एका अमेरिकन चित्रपटाची देणगी, आणि तो विषाणूमुळे होतो ही त्यावर नंतर चढलेली पुटे.

क्लेर्व्हियस नार्सिस याला १९६२ मध्ये हैतीतल्या एका रुग्णालयाने मृत घोषित केले होते. तोच मी, असे सांगत १९८० मध्ये एक माणूस गावात परतला. त्याचा शोध घ्यायला गेलेले वनस्पती-अभ्यासक वेड डेव्हिस यांनी फुग्या माशातल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाकडे बोट दाखवले. हे विष चेतापेशींमधले सोडियमचे मार्ग बंद करते. स्नायू लुळे पडतात, श्वास मंदावतो, पण शुद्ध राहू शकते. डेव्हिस यांनी आणलेल्या भुकटीत हे विष पुरेसे होते का, यावर पुढे बराच वाद झाला. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन ‘झॉम्बीं’च्या तपासणीचा अहवाल आला. त्यांत मनोविकार, मेंदूची इजा आणि ओळख पटवण्यातली चूक एवढेच सापडले. घरच्यांनी दुसऱ्याच कोणाला तरी आपला मेलेला माणूस मानले होते. या विषयातला सर्वांत करुण तपशील हाच म्हणावा लागेल.

मराठी मुलखात प्रेतात शिरणारा वेताळ झॉम्बीच्या कितीतरी आधीचा. पुण्यातली वेताळ टेकडी त्याच्याच नावाची. माथ्यावर त्याचे देऊळ आहे. पण वेताळ हुशार. तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. मेंदू खाणाऱ्यांच्या जमातीत त्याला बसवणे अन्यायाचे होईल. मराठी पडद्यावर झॉम्बी आला तो २०२२ च्या ‘झोंबिवली’त, आणि तोही पुण्यात नव्हे, डोंबिवलीत.

प्रेत का चालत नाही

स्नायू आकसायला ऊर्जा लागते हे सर्वांना ठाऊक असते. सैल पडायलाही लागते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. स्नायूतले ॲक्टिन आणि मायोसिन हे प्रथिनांचे धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांची पकड सुटायला एटीपी हा रेणू हवा असतो. मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबते, प्राणवायू मिळेनासा होतो, एटीपी संपतो आणि धागे अडकलेले ते अडकलेलेच राहतात. प्रेत ताठ होते ते यामुळे. ही ताठरता दोन-तीन तासांत पापण्या, जबडा आणि मान यांत प्रथम जाणवते, मग खाली उतरत साधारण १२ तासांत सर्व शरीरभर होते. म्हणजे चावण्यासाठी ज्याची गरज तो जबडाच आधी आवळला जातो. पुढे दीड-दोन दिवसांत प्रथिनेच विघटित होऊ लागल्याने शरीर पुन्हा सैल पडते, पण तोवर स्नायू कुजायला लागलेले असतात. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, हे सगळे आणखी लवकर उरकते. माश्या काही तासांतच डोळ्यांच्या, नाकाच्या कडेला अंडी घालतात. उन्हाळ्यातल्या झॉम्बीचे आयुष्य फार तर आठवड्याभराचे.

जिवंत आणि मृत यांच्यामधली खरी संदिग्ध जागा अतिदक्षता विभागात सापडते. मेंदूस्तंभ मृत झालेल्या रुग्णाचे हृदय व्हेंटिलेटरच्या आधाराने धडधडत राहते, अंग उबदार असते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हा मृत्यू प्रमाणित करते. त्यानंतर नातेवाइकांनी संमती दिली तर पुणे विभागात अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. अशा रुग्णाचे दोन्ही हात क्वचित आपोआप उचलले जाऊन छातीवर येतात. याला लाझारस चिन्ह म्हणतात. ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मेंदूचा तिच्याशी संबंध नाही. काचेपलीकडून पाहणाऱ्या नातेवाइकांना हे पटवून सांगणे हे त्या विभागातले बहुधा सर्वांत अवघड काम असावे.

ताबा घेणारे जीव

ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी सुतारमुंग्यांवर वाढते. बाधित मुंगी वारूळ सोडून भरकटते, जमिनीपासून वीतभर उंचीवर पानाच्या खालच्या शिरेत जबडा रुतवते आणि तिथेच मरते. काही दिवसांनी तिच्या मानेतून बुरशीचा देठ फुटतो आणि खालच्या वाटेवर बीजाणू पडू लागतात. २०१७ मधल्या संशोधनात बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळे विणून बसलेल्या आढळल्या. मेंदू शाबूत होता. ही बुरशी माणसांत येईल का, असे वारंवार विचारले जाते. ती ठराविक मुंग्यांशी लक्षावधी वर्षांत जुळवून घेतलेली आहे आणि बहुतेक बुरशांना ३७ अंशांचे शरीर मानवत नाही.

भारतातही आढळणारी पाचूसारखी हिरवी गांधीलमाशी झुरळाला आधी छातीत आणि मग थेट मेंदूत डंख मारते. झुरळाला चालता येते, पण आपणहून चालावेसे वाटत नाही. माशी त्याला मिशीला धरून बिळात नेते आणि त्याच्या पायावर अंडे घालते.

रेबीज

झॉम्बीकथेशी सर्वाधिक जुळणारा रोग रेबीज. कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चाव्यातून शिरतो, चेतातंतूंच्या आतून दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर सरकत मेंदू गाठतो आणि लाळग्रंथींत उतरतो. त्याच सुमाराला तो प्राण्याला आक्रमक करतो, म्हणजे लाळही तयार आणि चावण्याची इच्छाही. माणसात पाणी गिळताना घशाला भयंकर पेटके येतात, नंतर नुसते पाणी दिसले तरी येतात. लक्षणे सुरू झाली की मृत्यू जवळजवळ निश्चित. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक भारतात.

तरीही त्याची झॉम्बी-साथ होत नाही. लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात आणि ती दिसल्यावर रोगी काही दिवसच जगतो. माणूस माणसाला चावून तो पसरल्याची उदाहरणे नसल्यातच जमा आहेत. शिवाय चाव्यानंतरही लस काम करते, कारण विषाणू मेंदूपर्यंत पोचायच्या आत शरीराला तयारीला वेळ मिळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, त्वचेतल्या लशीचे डोस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी पूर्ण करायचे आणि रक्त आले असेल तर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यायचे. लस आणि प्रतिपिंडे दोन्ही हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतात. जखमेवर चुना, हळद, तिखट भरण्याची चाल मात्र अजून मोडलेली नाही. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या धास्तीने टाळाटाळ करणारेही भेटतात, वास्तविक ती जुनी लस कधीच बंद झाली.

साथीचे गणित

कॅनडातल्या गणितज्ञांनी २००९ मध्ये झॉम्बी-साथीचे समीकरण मांडले. त्यात तातडीने आणि जोरदार प्रतिकार केला नाही तर माणसे हरतात. त्याचा सांगाडा १९२७ मधल्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या साथरोग-प्रतिमानाचा. ते प्रतिमान मुंबई बेटावरच्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांवर ताडून पाहिले गेले होते. मॅकेंड्रिक स्वतः भारतात डॉक्टर होते आणि त्यांनी कसौलीच्या, म्हणजे रेबीजवर उपचार करणाऱ्या पाश्चर संस्थेत काम केले होते. झॉम्बीचे गणित असे फिरून कुत्र्याच्या चाव्यापाशीच येते.

पुण्याचा अनुभव

१८९७ च्या प्लेगात पुण्याने साथीचा आणि साथीवरच्या उपायांचाही तडाखा खाल्ला. प्लेग कमिशनर रँडच्या हाताखाली सैनिक घरांत शिरून झडत्या घेत, संशयितांना छावण्यांत नेत. लोक गाव सोडून शेतांत झोपड्या बांधून राहिले, आजारी माणसे लपवू लागले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याआधी, १० मार्चला, रुग्णसेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. साथीत आजारी माणूस लपवला जातो तो आजाराच्या भीतीने कमी आणि दारात येणाऱ्या यंत्रणेच्या भीतीने जास्त. झॉम्बीकथांत चाव्याची खूण बाहीखाली झाकणारे पात्र हमखास असते. ते अगदी खरे उतरलेले आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी ओसरल्यावर प्यायला पाणी नाही, कारण शहराचे नळ खडकवासल्यावर अवलंबून होते. वाड्यांतल्या जुन्या विहिरी पुन्हा कामाला आल्या. आज बहुतेक विहिरी बुजल्या आहेत, आणि सोसायटीच्या गच्चीवरची टाकी वीज गेली की फार वेळ पुरत नाही.

विषाणूंवर नजर ठेवणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच, १९५२ पासून. क्यासनूर जंगलताप आणि नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून नाव पडलेला चांदीपुरा हे विषाणू तिनेच ओळखले. पाषाणच्या आवारातली बीएसएल-४, म्हणजे जैवसुरक्षेच्या चौथ्या पातळीची, प्रयोगशाळा सर्वोच्च सुरक्षेची. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे फट पडली तरी हवा आत ओढली जाते. संशोधकाच्या फुगीर पोशाखात उलट दाब जास्त, म्हणजे पोशाख फाटला तर हवा बाहेर पडते. बाहेर येताना पोशाखासकट रसायनांची आंघोळ.

कुठे जावे

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०११ मध्ये झॉम्बीचे निमित्त करून आपत्तीची तयारी समजावली. पाणी, टिकाऊ अन्न, रोजची औषधे, कागदपत्रे आणि घरच्यांनी भेटायची ठरलेली जागा, एवढाच त्याचा गाभा. पूर आणि भूकंपालाही तोच चालतो. पुण्यात गप्पा रंगल्या की भेटायची जागा म्हणून सिंहगडाचे नाव निघते. सुमारे १,३०० मीटर उंची, तुटलेले कडे, देवटाक्याचे पाणी, सगळे खरे. पण रविवारी सकाळी घाटात गाड्यांची रांग लागते, तर शहर रिकामे होताना त्या एकाच रस्त्याचे काय होईल? वेताळ टेकडी जवळ, पण तिथे पाणी म्हणजे जुन्या खाणीत साचलेले पावसाचे. १९६१ चा अनुभव जमेस धरला तर दोन्हींपेक्षा बरे, घरात माणशी रोजचे चार लिटर या हिशेबाने काही दिवसांचे पाणी भरून ठेवावे आणि दार लावून घ्यावे. मे महिना असेल तर आठवडा पुरे.