श्वानांतील त्वचादाह आणि पचनविकार

कुत्र्याची कातडी लाल होऊन खाजणे आणि त्याच काळात पोट बिघडणे, या दोन तक्रारींचे मूळ काही कुत्र्यांत एकच असते : अन्नातील प्रथिनांची ॲलर्जी. प्रतिकारयंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू मानू लागली की आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि कातडीलाही. मालक मात्र खाजेसाठी मलम नेतो, जुलाबासाठी वेगळी गोळी, आणि दोन्हींचा मेळ कोणी घालत नाही.

खाज बहुधा कान, पंजे, काखा, जांघा आणि गुदद्वाराभोवती असते. चाटून चाटून पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस पडतात, कानाला यीस्टचा आंबूस वास येतो. सोबत पोटात गुरगुर, वारा सरणे, पातळ शौच, कधी आव. शौचाला दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा जाणे हीसुद्धा खूणच. आधी गोचीड, पिसवा आणि खरूज नाहीत याची खात्री करावी लागते.

ॲलर्जीला वारंवार कारणीभूत ठरणारे पदार्थ म्हणजे गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू. सातारा-सांगलीकडे यांतले शेवटचे तीन घरच्या कुत्र्याच्या ताटलीत रोजचेच : शिळी चपाती, दूध, चिकनच्या दुकानातले पाय-मुंडकी. भाकरी ज्वारीची असली तरी ती दुधातच कुस्करलेली असते. नुसते दूध न पचणे ही गोष्ट निराळी. त्यात जुलाब होतात, कातडी लाल होत नाही.

रक्ततपासणीवर निदान सोडणे धोक्याचे, ती भरवशाची नाही. खरी कसोटी आहारबदलाची : कुत्र्याने पूर्वी न खाल्लेले मांस किंवा मासा आणि सोबत बटाटा किंवा रताळे, निदान आठ आठवडे, दुसरे काहीही नाही. पोट साधारण दोन आठवड्यांत सुधारते, कातडीला वेळ लागतो. मग जुने अन्न पुन्हा देऊन पाहतात. बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत खाज परतते आणि निदान पक्के होते. मधेच पोराने दिलेले बिस्किट किंवा मांसाच्या स्वादाची गोचिडीची गोळी एवढ्यानेही कसोटी फसते. वस्तीवर मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यावर तर ती जमतच नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने खाज लगेच थांबते खरी, पण आहाराचा परिणाम झाकला जातो.

आहार बदलूनही फरक न पडल्यास घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण किंवा आतड्याचा दीर्घ दाह यांचा विचार होतो. वजन झपाट्याने घटत असेल किंवा पोटात पाणी भरत असेल, तर आठ आठवडे थांबू नये. आतड्यातून प्रथिने झिरपत असण्याची शक्यता असते.