झडीचा पाऊस आणि लूव्हरच्या पट्ट्या

बाथरूमचा व्हेंटिलेटर असो की विजेच्या मीटरची खोली, भिंतीतल्या उघड्या जागेला तिरक्या पट्ट्यांचं लूव्हर बसवलं की पाऊस आत येणार नाही, असं आपण धरून चालतो. सरळ पडणाऱ्या पावसापुरतं ते खरं आहे. झडीचं गणित वेगळं. २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा सेकंदाला १३ मीटर, म्हणजे ताशी ४७ किलोमीटर असेल, तर थेंब जितका खाली येतो त्याच्या दुप्पट आडवा जातो.

तरी तो सहसा थेट आत शिरत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पट्ट्यांमधून जाताना हवा वळते. जडत्वामुळे थेंबाला तितक्या चटकन वळता येत नाही. बारीक थेंबांच्या बाबतीत वळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: व्यास दहापट, तर वेळ शंभरपट. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या हवेत १० मायक्रॉनचा (म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा) धुक्याचा कण वळताना जेमतेम १ मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि हवेसोबत आत जातो. १०० मायक्रॉनचा थेंब मात्र काही सेंटिमीटर आपल्याच दिशेने जात राहतो. पट्ट्यांमधली फटही साधारण तेवढीच, म्हणून तो पट्टीवर आदळतो.

आदळलेल्या पाण्याचे काही तुषार उडतात. ते बारीक असल्याने हवेबरोबर पुढे सरकतात. उरलेल्या पाण्याचा पातळ थर वारा पट्टीच्या चढावर ढकलतो. १३ मीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे १०० पास्कल, म्हणजे १० मिलिमीटर उंच पाणी तोलून धरण्याइतका. म्हणूनच चांगल्या लूव्हरच्या पट्ट्यांना हुकासारखी दुमड असते. पाणी तिथे अडतं आणि बाजूच्या उभ्या पन्हळीतून खाली उतरतं.

युरोपच्या ईएन १३०३० चाचणीत हाच १३ मीटरचा वारा आणि ताशी ७५ मिलिमीटर पाऊस सोडतात. ९९ टक्के पाणी अडलं तर ‘ए’ वर्ग. पंख्याने हवा जोरात आत खेचली की त्याच लूव्हरचा वर्ग घसरतो. त्यामुळे हवेचा वेग न सांगता केलेला ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ हा दावा निरर्थक आहे.

नैऋत्येला खिडकी नको, या वास्तुनियमाचंही तसंच. कोकणात झड नैऋत्येकडूनच येते, म्हणून तो तिथे शहाणपणाचा वाटतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तिथे तो नियम काय कामाचा? दिशेत शुभ-अशुभ काही नसतं.

आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात धुकं तर लूव्हरमधून येणारच. तिथे लूव्हरखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार ठेवावा आणि विजेचा पॅनेल त्या भिंतीपासून दूर बसवावा.