नुसतं आयडल आणि आयडल इन ट्रान्झॅक्शन: पोस्टग्रेसचे दोन टाइमआउट

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी पट्ट्यात कारखान्याच्या काट्यावरून ओरड येते, 'स्क्रीन अडकली.' मग कुणीतरी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयडल सेशन टाइमआउट (रिकामं बसलेलं सेशन तोडायची मुदत) लावतं आणि स्क्रीन पुन्हा अडकते. अडकणारच! स्क्रीन अडकते ती लॉकमुळे, म्हणजे दुसऱ्या सेशनने ओळ अडवून ठेवल्यामुळे, आणि त्या सेटिंगचा लॉकशी संबंधच नाही.

तो टाइमआउट सोपा आहे. कनेक्शन उघडं, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) नाही, ठरलेला वेळ गेला की तोडा. आवृत्ती 14 पासून (2021) मिळतो. असं सेशन कनेक्शनची जागा अडवतं, तक्त्यातल्या ओळी नाही.

ओळी अडवणारं सेशन वेगळं. भरलेल्या गाडीचं वजन घेताना प्रोग्राम बिगिन करतो, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडतो, पावती क्रमांकाची ओळ अपडेट करतो आणि गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत कमिट (बदल पक्के) न करता बसून राहतो. क्वेरी केव्हाच संपली, पण लॉक कमिट किंवा रोलबॅकशिवाय (बदल रद्द केल्याशिवाय) सुटत नाही. शेजारच्या काट्याला तीच ओळ हवी असते, म्हणून तो ताटकळतो. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीत (पोस्टग्रेसमधली चालू सेशनची यादी) स्टेटचा रकाना नीट वाचा: तिथे नुसतं 'आयडल' नसतं, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असतं. आयडल सेशन टाइमआउट या सेशनला हातही लावत नाही. त्यासाठी आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट आहे, 9.6 पासून (2016). स्टेटमेंट टाइमआउट इथे निरुपयोगी, कारण स्टेटमेंट चालूच नसतं. लॉक टाइमआउट तर वाट बघणाऱ्याचीच क्वेरी रद्द करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. तरी तोच सुचवणारे दरवर्षी भेटतात.

दोन्ही आयडल टाइमआउटचं मूळ मूल्य 0, म्हणजे बंद. अ‍ॅपच्या रोलवर (डेटाबेसमधल्या त्याच्या युजरवर) अल्टर रोलने इन ट्रान्झॅक्शनवाला एक मिनिटाचा लावा. एककासकट लिहा, नुसतं 60 लिहिलं तर ते 60 मिलिसेकंद धरलं जातं. उघड्या सेशनना हा बदल लागू होत नाही, अ‍ॅप पुन्हा जोडावं लागतं. पूलर (कनेक्शन उघडी ठेवून अ‍ॅपला वापरायला देणारा प्रोग्राम) असेल तर आयडल सेशन टाइमआउट 0 च ठेवा. कनेक्शन रिकामी राखून ठेवणं हेच पूलरचं काम. ती मागच्या मागे तोडली की अ‍ॅपच्या हाती मेलेलं कनेक्शन येतं. हाताने लॉगिन करून विसरणाऱ्यांच्या रोलवर मात्र खुशाल लावा.

पण त्याआधी प्रोग्राम सुधारा. हा टाइमआउट नुसता रोलबॅक करून थांबत नाही, सेशनच तोडतो, आणि कमिट न झालेलं भरलेल्या गाडीचं वजन त्यासोबत जातं. भरलेलं वजन लगेच कमिट करा, रिकाम्याचं वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये घ्या.